स्क्रू काढून घेतल्यावर

सदाशिव पेठेतल्या एका बोळात, तळमजल्यावर, कॉपियर दुरुस्तीचं दुकान आहे. आसपास अभ्यासिका आहेत, म्हणून झेरॉक्सची दुकानंही दाटीवाटीनं आहेत. परीक्षांच्या जाहिराती निघाल्या की तिथली यंत्रं सकाळपासून रात्रीपर्यंत श्वास घेत नाहीत. मग कुठलं तरी एक थकतं आणि टेम्पोत बसून या बोळात येतं.

दुकानाच्या मालकांना सगळे काका म्हणतात. मी गेले तेव्हा टेबलावर एक मध्यम आकाराचं कॉपियर उघडून ठेवलं होतं. मागची पाठ निघाली होती, वरचं स्कॅनरचं झाकण बाजूला उभं केलं होतं. शेजारी चुंबकाच्या ताटलीत स्क्रू होते. ते इतके कमी होते की मी विचारलं, बाकीचे कुठं आहेत?

"बाकीचे नाहीतच, ताई," काका म्हणाले. "आता सगळं लॉकवर असतं."

लॉक म्हणजे प्लास्टिकची वाकणारी जीभ, तिच्या टोकाला आकड्यासारखं नाक आणि समोरच्या भागात ते नाक अडकेल अशी खाच. आत ढकललं की जीभ मागं सरते, नाक खाचेत शिरतं, जीभ पुन्हा सरळ होते. टक् असा आवाज येतो आणि जोड पूर्ण होतो. कागद पुढं गेला की नाही हे सांगणारे इवलेसे सेन्सर, गिअरची झाकणं, वायरींच्या वाटा, टोनरच्या डब्याचा आधार, छोट्या सर्किटच्या पाट्या या सगळ्यांना जागेवर धरणारे ब्रॅकेट त्या यंत्रात होते, आणि त्यातल्या बहुतेकांना स्क्रू नव्हता.

'सांधा' हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला तेव्हाच मी ठरवलं होतं, की दोन वस्तू एकमेकींना धरतात ती प्रत्यक्ष जागा पाहायची. काकांच्या टेबलावर ती शेकड्यानं होती. स्क्रूशिवाय धरणारा ब्रॅकेट कोण आखतं, कसा आखतं, आणि तो चुकला तर कुणाच्या बोटांवर येतं, हे शोधत मग मी हिंजवडीतल्या एका डिझायनरच्या टेबलापाशी आणि भोसरीच्या एका टूलरूममध्येही जाऊन बसले.

एक स्क्रू, पाच कामं

स्क्रूचं काम काय, असं विचारलं तर आपण सांगू, धरून ठेवणं. डिझायनर बाईंनी कागदावर स्क्रूचं चित्र काढलं आणि त्याच्याभोवती एकेक शब्द लिहीत गेल्या.

पहिलं काम पकड. दुसरं जागा दाखवणं. खरं म्हणजे हे स्क्रूचं काम नव्हे. स्क्रूच्या भोकात थोडी मोकळीक असते, त्यामुळे आवळताना भाग इकडेतिकडे सरकतो. तरीही आळसानं किंवा घाईनं ते काम स्क्रूवर ढकललं जातं. तिसरं काम चुका झाकणं. पत्रा थोडा वाकडा असला, प्लास्टिकला थोडा पीळ असला, तर स्क्रू तो भाग ओढून चपटा करतो. चौथं काम वीज वाहून नेणं. सर्किटची पाटी धातूच्या सांगाड्याला स्क्रूनं जोडली की त्याच वाटेनं अर्थिंग मिळतं. कॉपियरमध्ये याला मोठं महत्त्व आहे, कारण हे यंत्रच मुळी स्थिर विजेवर चालतं. ड्रमवर विद्युतभार बसवायचा, प्रकाशानं तो जिथं नको तिथून घालवायचा, उरलेल्या भारावर टोनरची पूड चिकटवायची आणि ती कागदावर उतरवायची. अशा ठिकाणी अर्थिंग सुटलं की छपाईवर डाग येतात, सेन्सर भलतंच सांगू लागतात. आणि पाचवं काम उघडू देणं. स्क्रू फिरवला की जोड सुटतो. तो कसा सोडायचा हे कुणालाही शिकवावं लागत नाही.

"स्क्रू काढायचा तर ही पाचही कामं कुणाला तरी वाटून द्यावी लागतात," बाई म्हणाल्या. "लोक पहिलं काम देतात आणि उरलेली विसरतात."

त्या कागदाची घडी मी पुढं सगळीकडे सोबत ठेवली. ब्रॅकेट चांगला की वाईट, हे या पाच शब्दांवरून ओळखता येतं असं मला वाटू लागलं आहे.

मग स्क्रू काढायचाच कशाला? कारण कारखान्यात तो महाग पडतो. खुद्द स्क्रूची किंमत किरकोळ असते. पण तो उचलायचा, टोकावर धरायचा, सरळ लावायचा, ठरल्या जोरानं आवळायचा. कमी आवळला तर सैल राहतो, जास्त आवळला तर प्लास्टिकमधले आटे जातात. हातातून निसटून यंत्रात पडला तर तो शोधेपर्यंत ती जागा अडते, आणि सापडला नाही तर पुढं गिअरमध्ये अडकतो किंवा दोन तारा एकमेकींना जोडून टाकतो.

शार्लटचा प्रिंटर

कचेरीतलं पहिलं यशस्वी साध्या कागदाचं कॉपियर म्हणजे १९५९ साली जाहीर झालेलं झेरॉक्स ९१४. नऊ गुणिले चौदा इंचांपर्यंतचा कागद चाले, म्हणून ९१४. वजन सुमारे २९४ किलो. चेस्टर कार्लसननं न्यू यॉर्कच्या अस्टोरिया भागात १९३८च्या ऑक्टोबरात कोरड्या पुडीची पहिली प्रतिमा उमटवली, तेव्हापासून हे यंत्र बाजारात यायला दोन दशकं गेली. त्या पिढीची यंत्रं पोलादी सांगाड्यांची, नट-बोल्टची होती आणि ती भाड्यानं दिली जात. दुरुस्तीला कंपनीचाच माणूस यायचा. आत किती स्क्रू आहेत याची चिंता गिऱ्हाइकाला नव्हती, कंपनीलाही फारशी नव्हती.

चित्र पालटलं ते स्पर्धा आली तेव्हा. जपानी कंपन्यांनी लहान, स्वस्त कॉपियर आणि प्रिंटर आणले आणि प्रत्येक सुट्या भागाचा हिशेब सुरू झाला. साधारण त्याच काळात, १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जेफ्री बूथरॉइड हे प्राध्यापक जुळणीच्या वेळेचा अभ्यास करत होते. पुढं पीटर ड्यूहर्स्ट त्यांना येऊन मिळाले आणि दोघं ऱ्होड आयलंड विद्यापीठात गेले. त्यांची पद्धत तीन प्रश्नांवर उभी होती. यंत्र चालताना हा भाग शेजारच्या भागांच्या तुलनेत हलतो का? तो वेगळ्याच पदार्थाचा असणं भाग आहे का? तो वेगळा ठेवला नाही तर बाकीचे भाग बसवता किंवा काढता येणार नाहीत, असं आहे का? तिन्हींची उत्तरं 'नाही' आली तर तो भाग शेजाऱ्यात विलीन करता येईल. स्क्रू या परीक्षेत जवळजवळ नेहमीच नापास होतो. झेरॉक्स ही पद्धत लवकर उचलणाऱ्या कंपन्यांपैकी एक होती. १९९१ साली या दोघांना अमेरिकेचं तंत्रज्ञानासाठीचं राष्ट्रीय पदक मिळालं.

या विचाराचं सर्वांत गाजलेलं उदाहरण कचेरीच्या टेबलावरचंच आहे. आयबीएम आपल्या पर्सनल कॉम्प्युटरसोबत जो डॉट मॅट्रिक्स प्रिंटर विकत असे, तो मुळात एप्सनचा होता. १९८५ साली आयबीएमनं नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात स्वतःचा प्रोप्रिंटर काढला. तो रोबोंकडून जुळवायचा होता, आणि रोबोला स्क्रू फिरवणं तेव्हा जड जाई. म्हणून भाग एकावर एक, वरून खाली ठेवत जायचे आणि ते आपोआप अडकतील असे आखायचे, हा दंडक झाला. बूथरॉइड आणि ड्यूहर्स्ट यांनी दोन्ही प्रिंटर तपासले तेव्हा एप्सनच्या जुळणीचा हिशेब सुमारे अर्ध्या तासाचा आला आणि प्रोप्रिंटरचा सुमारे तीन मिनिटांचा.

यातली खरी गंमत पुढं आहे. भाग इतके सुबक अडकू लागले, की रोबोची तितकीशी गरज उरली नाही. माणूसही हातानं तो प्रिंटर भराभर जुळवू शके. रोबोसाठी केलेला विचार माणसाच्या कामी आला. यंत्राच्या सोयीसाठी माणसाला वाकवण्याच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. शार्लटमध्ये उलटं घडलं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

वाकायचं किती

हिंजवडीतल्या बाईंच्या पडद्यावर एक ब्रॅकेट फिरत होता. स्कॅनरच्या कडेला एक छोटी सर्किट पाटी धरायची, एवढंच त्याचं काम. दोन जिभा, दोन खुंट्या, एक टेकू. एवढ्याशा वस्तूवर त्यांचे कित्येक दिवस गेले होते.

जीभ म्हणजे एका टोकाला घट्ट रोवलेली पट्टी. ती वाकते तेव्हा सगळा ताण मुळाशी जमतो. प्लास्टिक किती ताणलं जाऊ शकतं याला मर्यादा आहे. कॉपियरच्या आतल्या भागांत सर्रास वापरलं जाणारं पॉलिकार्बोनेट आणि एबीएसचं मिश्रण एकदा बसवण्यापुरतं साधारण दोन ते अडीच टक्के ताणलेलं चालतं. वारंवार उघडायचं असेल तर त्याच्या साठ टक्क्यांवरच थांबावं, असा संकेत आहे. पट्टी किती वाकू शकेल हे तिच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं आणि जाडीच्या प्रमाणात घटतं. पंधरा मिलिमीटर लांब आणि दीड मिलिमीटर जाड जीभ, दोन टक्के ताण धरला तर, दोन मिलिमीटर मागं सरू शकते. तीच वीस मिलिमीटर लांब केली तर साडेतीन. लांबी पंधराच ठेवून जाडी दुप्पट केली तर जेमतेम एक.

नवशिका डिझायनर इथं हमखास फसतो. जीभ तुटली की तो ती जाड करतो. जाड जीभ तेवढीच वाकवायची तर मुळाशी ताण आणखी वाढतो आणि ती आणखी लवकर तुटते. खरा उपाय ती लांब करण्यात असतो. पण लांबीला जागा हवी, आणि कॉपियरच्या पोटात रिकामी जागा नसते. मग जीभ आडवी निजवतात, यू आकारात वळवतात, किंवा भिंतीलाच दोन चिरा देऊन भिंतीचाच तुकडा जीभ म्हणून वापरतात. मुळाशी काटकोन ठेवत नाहीत, तिथं गोलाई देतात. तीक्ष्ण कोपऱ्यात ताण साठतो आणि भेग तिथूनच निघते.

नाकाला दोन उतार असतात. आत शिरतानाचा उतार मंद ठेवतात, पंचवीस ते पस्तीस अंश, म्हणजे अंगठ्यानं सहज दाबता येतं. हे नाजूक वाटेल, पण जुळणीच्या ओळीवर दिवसभर उभ्या असणाऱ्या माणसाचा अंगठा तो दाब शेकडो वेळा देत असतो. बाहेर येतानाचा उतार हा मात्र स्वभावाचा प्रश्न. पंचेचाळीस अंशांच्या आसपास ठेवला तर जोरानं ओढल्यावर जोड सुटतो. नव्वद अंश ठेवला तर जीभ हातानं मागं सारल्याशिवाय सुटत नाही. आणि जिभेपर्यंत हात पोचायला वाटच ठेवली नसेल तर कधीच सुटत नाही.

आणखी एक नियम त्यांनी दोनदा सांगितला. बसल्यावर जीभ पूर्ण सरळ झाली पाहिजे, तिच्यावर ताण उरता कामा नये. सतत वाकलेलं प्लास्टिक हळूहळू त्याच आकारात मुरतं आणि पकड जाते. कॉपियरच्या आत, टोनर कागदावर वितळवणाऱ्या फ्यूजरच्या शेजारी, हे मुरणं आणखी वेगानं होतं. त्या रोलरचं तापमान दोनशे अंशांच्या आसपास जातं. तिथं हे मिश्रण चालतच नाही, उष्णतेला टिकणारी वेगळी प्लास्टिकं किंवा पत्रा वापरावा लागतो.

खुंटी जागा दाखवते, जीभ धरते

प्लास्टिकच्या या जोडांवरचं माझ्या वाचनात आलेलं सर्वांत नेटकं पुस्तक पॉल बोनेनबर्गर यांचं आहे, २०००च्या सुमाराचं. ते जनरल मोटर्समध्ये काम करत. जोडाचे घटक ते दोन गटांत विभागतात, जागा ठरवणारे आणि अडकवून ठेवणारे. भाग कुठं बसेल हे खुंट्या, कडा आणि टेकू ठरवतील. जीभ फक्त तो परत येऊ देणार नाही. जिभेकडून जागाही ठरवून घ्यायला गेलं तर दोन्ही कामं बिघडतात.

प्रतिमा टिपणाऱ्या यंत्रात हे किती बारीक आहे पाहा. ६०० डीपीआयला एका ठिपक्याची रुंदी ०.०४२ मिलिमीटर असते. सपाट काचेच्या स्वस्त स्कॅनरमध्ये काचेखालून एक लांब पट्टीसारखा सेन्सर सरकतो. त्याची भिंगं इतक्या जवळून पाहतात की काचेपासूनचं अंतर मिलिमीटरच्या अंशानं चुकलं तरी अक्षरं धूसर होतात. मग तो घट्ट आवळून बसवतात का? नाही. सेन्सर प्लास्टिकच्या पाळण्यात नुसता ठेवलेला असतो. खालून स्प्रिंग त्याला वर ढकलते आणि त्याच्या दोन टोकांचे गुळगुळीत टेकू काचेला लागून राहतात. काच जिथं थोडी खाली-वर, तिथं सेन्सरही तिच्यासोबत खाली-वर. स्क्रूनं आवळला असता तर तो काचेला सोडून सांगाड्याशी इमान राखून बसला असता.

लेझर प्रिंटरच्या आतले लांब आरसेही बहुतेक ठिकाणी पातळ स्प्रिंगच्या चापानं तीन टेकूंवर दाबलेले असतात. तीन टेकूंवर वस्तू कधी डुगडुगत नाही आणि तिला पीळही पडत नाही. आरसा स्क्रूनं आवळला तर तो किंचित वाकतो आणि कागदावरची सरळ रेघ धनुष्यासारखी येते.

दुसरा शत्रू उष्णता. तीनशे मिलिमीटर लांबीचा एबीएसचा भाग तीस अंशांनी तापला तर तो सुमारे पाऊण मिलिमीटर वाढतो. त्याच लांबीचा पोलादी पत्रा ०.१ मिलिमीटर. म्हणजे पत्र्यावर बसवलेलं प्लास्टिक दोन्ही टोकांना जखडलं तर दुपारपर्यंत ते कमानीसारखं फुगणार. म्हणून एका टोकाला गोल भोक आणि दुसऱ्या टोकाला लांबट भोक ठेवतात. गोल भोकातली खुंटी जागा पक्की करते, लांबट भोकातली फक्त दिशा सांभाळते आणि वाढीला वाट देते. पत्र्याच्या ब्रॅकेटमध्ये या खुंट्या वेगळ्या जोडायच्याही नसतात. पत्रा डायमध्ये अर्धवट ठोकला की त्याचाच गोल उंचवटा बाहेर येतो.

कागद ओळखणारे छोटे सेन्सर तर आपले लॉक अंगावरच घेऊन येतात. त्यांच्या प्लास्टिकच्या पायांना नाकं असतात आणि ते १, १.२ किंवा १.६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातल्या चौकोनी भोकात सरळ दाबले जातात. काकांनी असा एक सेन्सर दोन बोटांत चिमटून अलगद काढून दाखवला. "हा शहाणा," ते म्हणाले. "कुठं दाबायचं ते दिसतं."

अर्थिंगचं काम मात्र प्लास्टिक करू शकत नाही. तिथं पितळी किंवा स्टीलच्या पातळ स्प्रिंगची पट्टी घालून पाटी आणि सांगाडा यांचा स्पर्श राखावा लागतो, किंवा मग एक स्क्रू तसाच ठेवावा लागतो. बाईंच्या ब्रॅकेटमध्ये चारपैकी तीन स्क्रू गेले होते आणि एक राहिला होता. तो का राहिला, हे त्यांना एका बैठकीत तासभर समजावून सांगावं लागलं होतं. मला तो राहिलेला स्क्रू त्यांच्या कामाचा उत्तम पुरावा वाटला.

भोसरी

कागदावरची जीभ खरी होते ती पोलादात. भोसरीच्या एमआयडीसीत पत्र्याच्या छपराखालच्या टूलरूममध्ये मोल्ड बनतात. स्पार्क मशीनच्या तेलाचा वास, ग्राइंडरचा आवाज आणि मोल्डचा अर्धा भाग टेबलावर आडवा ठेवून त्यावर वाकलेला डायमेकर.

मोल्ड दोन भागांत उघडतो, कोअर आणि कॅव्हिटी. ते सरळ रेषेत दूर जातात, म्हणून प्लास्टिकचा भागही सरळ निघाला पाहिजे. नाकाची अडचण इथंच. नाक आडवं बाहेर आलेलं असतं, त्याच्या खालची जागा पोलादानं भरलेली असते आणि भाग बाहेर येताना तिथं अडकतो. याला अंडरकट म्हणतात. एक उपाय म्हणजे आडवा सरकणारा तुकडा, स्लायडर. किंवा भाग ढकलला जात असताना तिरका सरकणारा लिफ्टर. दोन्ही महाग, दोन्ही झिजतात, दोघांना मोल्डमध्ये जागा लागते.

"त्यापेक्षा खाली भोक द्या म्हणतो मी, मॅडम," डायमेकर म्हणाला. नाकाच्या बरोबर खाली भिंतीला चौकोनी भोक ठेवलं तर त्यातून समोरच्या बाजूचं पोलाद आत येतं आणि नाकाची खालची बाजू घडवतं. मोल्ड सरळ उघडतो, स्लायडर वाचतो. कुठल्याही प्रिंटरच्या आतल्या झाकणावर, रिमोटच्या आतल्या बाजूला, प्रत्येक नाकापाशी दिसणारी चौकोनी भोकं याचसाठी असतात. पण लेझरच्या पेटीला असं भोक चालत नाही. त्यातून प्रकाश जातो, टोनरची पूड आत शिरून आरशावर बसते. तिथं पैसे मोजून लिफ्टरच करावा लागतो. असे निर्णय हिंजवडी आणि भोसरी यांच्यात फोनवर होतात, पुष्कळदा वाद होऊन.

मला सर्वांत आवडली ती त्यांची 'स्टील सेफ' ठेवण्याची शिस्त. मोल्डमधलं पोलाद कापणं सोपं आहे, पुन्हा भरणं अवघड. भरायचं तर वेल्डिंग करून परत घासावं लागतं. पोलाद कापलं की प्लास्टिक वाढतं. म्हणून पहिल्या ट्रायलला नाक मुद्दाम थोडं आखूड ठेवतात, खुंटी थोडी बारीक. जोड सैल बसतो. मग भाग हातात घेऊन, दाबून, काढून, आवाज ऐकून ठरवतात की अजून किती हवं, आणि पोलाद दशांश-शतांश मिलिमीटरनं उतरवतात. संगणकावरचं गणित कितीही पक्कं असलं तरी थंड होताना प्लास्टिक आकसतं. पॉलिकार्बोनेट-एबीएसच्या मिश्रणात अर्धा ते पाऊण टक्का, म्हणजे तीनशे मिलिमीटरला दीड-दोन मिलिमीटर. आणि ते सगळीकडे सारखं आकसत नाही. शेवटचा निवाडा अंगठ्याचा.

मशीनवर ट्रायल चालू होती. प्लास्टिकचा दाणा आधी ड्रायरमध्ये तीन-चार तास सुकवून घेतला होता. ओलसर दाण्याचा भाग दिसायला बरा येतो आणि जीभ वाकवली की काडीसारखी मोडते. ऑपरेटरनं गरम भाग काढला, थंड होऊ दिला आणि जीभ मुद्दाम तुटेपर्यंत वाकवली. तुटलेली जागा त्यानं उजेडात धरून पाहिली. वितळलेल्या प्लास्टिकचे दोन प्रवाह जिथं भेटतात तिथं एक अदृश्य शिवण राहते. ती जिभेच्या मुळाशी आली असेल तर जीभ तिथंच जाते. मग प्लास्टिक आत सोडायची जागा, गेट, हलवावी लागते. ऑपरेटरनं तुटलेले तुकडे ओळीनं मांडून ठेवले आणि डायमेकरला हाक मारली.

उघडताना

काकांच्या दुकानात परत गेले ती पाचव्या कामासाठी. उघडू देणं.

त्यांच्याकडे मुदत संपलेली एटीएम कार्डं आहेत, निमुळती कापलेली. झाकणाच्या फटीत ती सारून ते आतली जीभ शोधतात. डोळे दुसरीकडे असतात, बोटं पाहत असतात. थंडीच्या सकाळी प्लास्टिक ताठर असतं, म्हणून आधी हेअर ड्रायरची ऊब देतात. हाताखालच्या मुलाला ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, "ओढू नकोस, आधी कुठं अडलंय ते बघ." आणि लॉकजवळ थिनर किंवा हाती लागेल ते ग्रीस लावायचं नाही, हा दुकानाचा नियम आहे. तो त्यांना अनुभवानं कळला. पॉलिकार्बोनेट आणि एबीएस ताणाखाली असताना काही तेलं आणि द्रावणं लागली की त्यांना बारीक भेगा पडतात, असं रसायनशास्त्रही सांगतं.

तरीही लॉक तुटतात. मग फेविक्विकचा थेंब आणि त्यावर खाण्याचा सोडा. क्षणात दगडासारखं घट्ट होतं. मोठा तुकडा असेल तर सोल्डरिंगच्या तापल्या टोकानं स्टेपलची तार प्लास्टिकमध्ये पुरून टाका घालतात. हा टाका पकड देतो, वाकणं देत नाही. पुढच्या वेळी तो भाग उघडेल याची खात्री काका देत नाहीत. स्क्रूचे आटे गेले असते तर थोडा जाड स्क्रू लावून काम भागलं असतं. जीभ तुटली की सगळा भाग गेला, आणि जुन्या मॉडेलचा तो भाग बाजारात मिळेलच असं नाही.

काकांची तक्रार लॉकवर नाही, हे मला लिहायलाच हवं. स्क्रूची यंत्रं त्यांनी वर्षानुवर्षं उघडली आहेत आणि प्लास्टिकमध्ये चारदा पिळलेला स्क्रू पाचव्यांदा कसा फिरत राहतो हे ते जाणतात. त्यांची तक्रार लपवलेल्या लॉकवर आहे. बाहेरून गुळगुळीत दिसावं म्हणून ज्याची वाट बुजवलेली असते, त्या लॉकवर. ती मला रास्त वाटते. जोड बसवायला तीन सेकंद लागावेत म्हणून इतकी बुद्धी खर्च झाली असेल, तर तो सोडवण्याच्या वाटेसाठी एक बाणाची खूण उमटवायला मोल्डमध्ये जवळजवळ काहीच खर्च येत नाही. फक्त ते कुणाच्या तरी मनात आलं पाहिजे.

आता कायदाही त्या दिशेला सरकतो आहे. भारताचे २०२२चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झाले. प्रिंटर आणि कॉपियर त्यांत येतात, आणि ठरल्या प्रमाणात पुनर्चक्रण घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. यंत्र भंगारात गेल्यावर पोलाद, तांबं आणि प्लास्टिक वेगळं करायचं असतं. प्लास्टिकमध्ये रुतलेला पोलादी स्क्रू तिथं अडचण करतो, नीट आखलेली जीभ करत नाही. वेगळं करणाऱ्या माणसाला ती तोडायचीच असते, आणि ती त्याच प्लास्टिकची असल्यानं तुकड्यासोबत तशीच दळली जाते. म्हणजे स्क्रू नसणं हे यंत्राच्या जन्माला सोयीचं आणि मरणालाही. अडतं ते मधल्या आयुष्यात, काकांच्या टेबलावर.

त्या मधल्या आयुष्यासाठीही एक जुनी, साधी युक्ती आहे. ती मी हिंजवडीतल्या बाईंना विचारली तेव्हा त्यांनी लगेच पडद्यावर ब्रॅकेट फिरवून दाखवली. प्रत्येक जिभेच्या शेजारी एक बारीक, रिकामा प्लास्टिकचा खांब होता, मधोमध भोक असलेला. कारखाना त्यात काहीही घालत नाही. जीभ तुटली तर दुरुस्ती करणाऱ्यानं तिथं एक छोटा स्क्रू पिळायचा आणि यंत्र पुढं चालू ठेवायचं. मोल्डमध्ये त्यासाठी दोन पिना वाढतात. ग्राहक कंपनीनं खर्चाच्या यादीत त्या पिनांसमोर प्रश्नचिन्ह टाकलं होतं. बाईंनी उत्तरात काकांसारख्या दुकानातून आलेल्या तुटलेल्या जिभांचे फोटो जोडले होते. भोसरीत मी पाहिलेल्या त्या मोल्डमध्ये दोन्ही पिना बसवलेल्या होत्या.